साठ पायऱ्या, दोन भाकऱ्या

गिरगाव, परळ किंवा लालबागमधल्या एखाद्या जुन्या चाळीचा जिना आपण चढला असाल, तर त्याचा स्वभाव आपल्या पायांना अजून आठवत असेल. उभा चढ, मधोमध झिजून खोलगट झालेल्या पायऱ्या, हाताला गुळगुळीत लागणारा कठडा आणि तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर दारातून आत पाऊल टाकण्यापूर्वी घेतलेला एक लांब श्वास. तळमजला आणि वर तीन मजले ही बीडीडी चाळींची ठरलेली रचना. गिरगावातील कित्येक चाळीही एवढ्याच उंचीच्या. तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या मोजल्या तर साठाच्या आसपास भरतात, इमारतीगणिक चार-सहा इकडे-तिकडे. या साठ पायऱ्यांना त्या काळी कोणी व्यायाम म्हटले नाही. सकाळी दुधासाठी खाली, सायंकाळी भाजीसाठी खाली, कोणी हाक मारली म्हणून खाली, आणि प्रत्येक वेळी पुन्हा वर. हातात पिशवी असे, पाठीमागून पोरे धावत येत, त्यामुळे रेंगाळत चढण्याची सोयच नसे.

आता हा जिना आपल्या आयुष्यातून निघून चालला आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाचा चेहरा पालटला, चिमण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. बीडीडी चाळींचा पुनर्विकास तर डोळ्यांसमोर सुरू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील रहिवासीही त्याच वाटेवर आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे, मजल्याच्या टोकाला असलेल्या सामाईक शौचालयाऐवजी स्वतःचे स्नानगृह मिळणे, हे सुख तीन-चार पिढ्यांनी वाट पाहून मिळवलेले आहे. त्याबद्दल कोणाच्याही मनात किंतु असू नये. फक्त एक गोष्ट या स्थलांतरात हिशेबाबाहेर राहिली. सामानाची यादी झाली, देवघराची जागा ठरली, पण दिवसाकाठी चार-सहा वेळा होणारी ती दमछाक जुन्या घरातच राहिली. तिला कधी नावच नव्हते, म्हणून ती हरवल्याचेही कोणाच्या ध्यानात आले नाही.

आणि ती हरवते केव्हा? घरातील कर्ता पुरुष व गृहिणी पन्नाशीकडे झुकलेली असतात, रक्तातील साखर आणि रक्तदाब नुकते सीमारेषेवर रेंगाळू लागलेले असतात, नेमके तेव्हा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी लोक आहेत आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. उंबरठ्यावरून मागे फिरता येते. त्यासाठी जिमचे वर्षभराचे शुल्क भरावेच लागते असे नाही, ही या लेखातील मुख्य गोष्ट आहे.

साठ पायऱ्यांचा प्रयोग

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे प्राध्यापक मार्टिन गिबाला आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षे एका प्रश्नाच्या मागे आहेत: शरीराला लाभ व्हावा यासाठी व्यायाम किती कमी वेळ केला तरी चालेल? २०१६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बैठे जीवन जगणाऱ्या पुरुषांचे दोन गट होते. एक गट मध्यम वेगाने ४५ मिनिटे सायकल चालवी. दुसरा गट एकूण १० मिनिटे सायकलवर बसे, पण त्यात जीव तोडून पायडल मारण्याचा काळ केवळ २० सेकंदांचा, तोही तीनदा. उरलेला वेळ अंग तापवणे, मध्ये सावकाश दम खाणे आणि शेवटी शांत होणे यांचा. आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे हा क्रम चालला. शेवटी दोन्ही गटांतील हृदय-फुफ्फुसांची क्षमता आणि इन्सुलिनला शरीराने दिलेला प्रतिसाद जवळजवळ सारखाच सुधारलेला आढळला.

सायकलच्या यंत्राशी आपल्याला कर्तव्य नाही. पण याच संशोधकांनी २०१९ मध्ये आणखी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला, तो मुंबईकराने कान टवकारून ऐकावा असा आहे. व्यायामाची सवय नसलेल्या तरुण मुला-मुलींना त्यांनी तीन जिने झपाट्याने चढायला सांगितले. पायऱ्या किती? साठ! दिवसातून तीनदा, दोन चढायांमध्ये एक ते चार तासांचे अंतर ठेवून, आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. न चढणाऱ्यांच्या तुलनेत या मुलांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे पाच टक्क्यांनी अधिक भरली. प्रयोग लहान होता, अवघे चोवीस जण, आणि सारे तरुण. त्यामुळे त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. तरीही बीडीडी चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरील कुटुंब जे काही नकळत करत होते, ते प्रयोगशाळेच्या कसोटीला उतरले, याचा आनंद मानायला हरकत नाही.

याहून मोठा पुरावा ब्रिटनमधून आला. व्यायाम किंवा खेळ असे काहीच न करणाऱ्या पंचवीस हजारांहून अधिक प्रौढांच्या मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधून त्यांच्या दैनंदिन जीवनाची नोंद घेण्यात आली आणि पुढे सरासरी सात वर्षे त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यात आले. इमॅन्युएल स्टामाटाकिस आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२२ चा. बस गाठण्यासाठी धावणे, चढावर झपझप चालणे, जड सामान घेऊन जिना चढणे अशी एक-दोन मिनिटांची दमछाक दिवसातून तीनदा ज्यांच्या वाट्याला येत होती, त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे आढळले. येथे सावधपणे वाचावे. मुळात धडधाकट माणूसच अधिक धावपळ करतो, हेही खरे. केवळ निरीक्षणातून कारण आणि परिणाम पूर्णपणे वेगळे काढता येत नाहीत. पण वेगवेगळ्या पद्धतींचे अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवू लागले की त्याकडे दुर्लक्षही करता येत नाही.

खरे तर ही वाट पहिल्यांदा दिसली ती दुमजली बसमध्ये. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या परिवहन कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर बसचा जिना चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कितीतरी कमी होत होता. गाडी तीच, रस्ते तेच. फरक काय तो जिन्याचा. बेस्टची दुमजली बस मुंबईच्या रस्त्यांवर १९३७ पासून धावली. ती जुनी लाल गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. चालत्या गाडीत तोल सांभाळत वरच्या मजल्यावर जाणारा तिचा वाहक आपण पाहिला असेल. तिकिटाच्या चिमट्याची टकटक करत तो दिवसभरात किती पायऱ्या चढत असेल, याचा विचार आपल्यापैकी कितीजणांनी केला?

एक खांब आणि रांगेतील मुले

थोडका वेळ पण पुरता जोर, ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आली असे मानण्याचे कारण नाही. दादरच्या शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिर ही संस्था १९२५ पासून उभी आहे. येथील मल्लखांब गुरू उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा याच मैदानावर झाली. मल्लखांबाच्या वर्गाकडे थोडा वेळ निरखून पाहा. खांब एक, मुले अनेक. एक मूल तेल लावलेल्या खांबावर झेप घेते, दोन-चार पकडी करते, उतरते आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहते. खांबावरील काळ मिनिटाहूनही कमी, पण त्या काळात मांड्या, पोट, खांदे आणि बोटांची पकड या सर्वांची कसोटी लागते. मग पाळी येईपर्यंत विश्रांती, आणि पुन्हा झेप. जपानमध्ये इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये २० सेकंद जोर आणि १० सेकंद विश्रांती असा आठ फेऱ्यांचा क्रम मोजून दाखवला आणि जगभरातील व्यायामशाळांनी तो उचलला. आपल्याकडे विश्रांतीचा काळ घड्याळाने नव्हे, रांगेच्या लांबीने ठरत होता, इतकेच. तालमीतील लाल मातीत जोर-बैठकांचे डाव आणि मधली उसंत यांचा तालही असाच असे.

मात्र जुन्या काळाचे पोवाडे गाण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. गिरणी कामगाराचे शरीर कष्टाने कसलेले असले तरी त्याच्या फुफ्फुसांत कापसाचे तंतू जात, आणि एका खोलीत पाळ्या लावून झोपणाऱ्या माणसांना क्षयाची धास्ती कायम असे. चाळीतील बाई पाण्याच्या कळश्या घेऊन जिना चढे, पण सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरले-सुरले खाई. त्यांच्या कष्टांना आपण व्यायाम म्हणणे ही कृतघ्नता ठरेल. व्यायामात कष्टासोबत विश्रांती आणि पोषण यांचाही वाटा असतो. तो वाटा त्यांना मिळाला नाही, आपल्याला मिळू शकतो.

दम लागतो तेव्हा शरीरात नेमके काय होते? जिना चढताना मांड्यांचे आणि नितंबांचे मोठे स्नायू आपले सारे वजन उचलतात. त्यांना एकदम इंधन लागते. स्नायू आकुंचन पावत असताना रक्तातील साखर आत घेण्याचे मार्ग इन्सुलिनची फारशी वाट न पाहता उघडतात. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसाच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण त्याच्या शरीराने इन्सुलिनचे ऐकणेच कमी केलेले असते. शिवाय हृदयाला अल्पकाळ जोराने काम करावे लागते, आणि असे वारंवार घडल्याने एका ठोक्यात अधिक रक्त ढकलण्याची त्याची ताकद वाढते.

आता आपल्या इमारतीकडे वळू. आपण बाविसाव्या मजल्यावर राहत असाल तर बावीस मजले चढण्याची गरज नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत पायी जा आणि तेथून लिफ्ट घ्या. पहिले दोन आठवडे केवळ न थांबता, आपल्या नेहमीच्या वेगाने चढा. मग वेग वाढवा. जोर किती असावा, याची खूण सोपी आहे: वर पोहोचल्यावर दोन-चार शब्द बोलता यावेत, पण एखादे लांब वाक्य एका दमात पुरे करता येऊ नये. दिवसातून तीनदा, आठवड्यातून तीन-चार दिवस, एवढे पुरे. जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने एक सावकाश फेरी साखरेसाठी चांगली. झपाट्याची चढाई मात्र भरल्या पोटी नको. उतरताना लिफ्ट वापरण्यात कमीपणा मानू नये. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे अधिक जाचते. जिना सोसवतच नसेल, तर खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे एक मिनिटभर करून पाहा. धाप तेथेही लागते. पावसाळ्यात जिन्याच्या पायऱ्या ओल्या असतात, चपला घसरत्या असतात. त्या दिवसांत वेगाचा आग्रह सोडावा.

एक इशारा अधोरेखित करून सांगावासा वाटतो. चालताना छातीत दाब जाणवणे, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चक्कर, थोड्याशा श्रमाने असाधारण दम, यांपैकी काही असेल तर जिना बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी, हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी हा प्रयोग करू नये. श्वास रोखून चढू नये. त्याने रक्तदाब एकदम उसळतो.

परातीतील पीठ

गिरणगावात गिरणी दोन प्रकारची होती, एक कापडाची आणि दुसरी पिठाची. पहिली बंद पडली. दुसरी अजून गल्लीच्या तोंडाशी घरघरते आहे, आणि आपल्या आरोग्याच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची.

घाटावरून आलेल्या कामगाराच्या ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी असे, कोकणातून आलेल्याच्या ताटात भात आणि नाचणीची किंवा तांदळाची भाकरी. कुटुंब गावी असलेले कामगार खानावळीत जेवत. घरोघरी अशा खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र आणले. पुढे भाकरी मागे पडत गेली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशी लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात ज्वारी म्हणजे अडचणीच्या दिवसांचे अन्न असा सल राहिला असावा. गव्हाची पोळी ही सुस्थितीची खूण झाली. आणि घाईच्या शहराला घाईचे खाणे हवे होते. वडापावचा जन्म दादर स्थानकाबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असे मानले जाते. आठवड्यातून एखादा वडापाव कोणाचे वाकडे करत नाही. मात्र सकाळी चहाबरोबर पाव, दुपारी कार्यालयाखाली पाव आणि सायंकाळी मुलांच्या हाती पुन्हा पाव, असा मैद्याचा रतीब सुरू झाला की गणित बिघडते.

हे गणित आकड्यांत पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम मैद्यात तंतुमय पदार्थ पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असतात, पांढऱ्या तांदळातही साधारण तेवढेच. ज्वारीत ते दहा ग्रॅमच्या आसपास, बाजरी आणि नाचणीत अकराच्या पुढे. आणि गव्हाच्या न चाळलेल्या कणकेत? तेही अकराच्या पुढे! म्हणजे पोळीला खलनायक ठरवण्याची अलीकडची टूम अनाठायी आहे. वैर आहे ते कोंडा काढून टाकण्याशी. गिरणीतून आणलेली कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकून द्यायचा आणि मग औषधाच्या दुकानातून तंतूंची पूड विकत आणायची, हा व्यवहार आपल्यापैकी पुष्कळ घरांत चालतो.

ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांचे विशेष गुण आहेतच. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. इतर कोणतेही नेहमीचे धान्य त्याच्या जवळपास येत नाही. बाजरीत लोह चांगले. पण धान्यांतील फायटेट नावाचा घटक लोह, जस्त यांसारखी खनिजे धरून ठेवतो. तो कमी करण्याच्या युक्त्या आपल्या आज्यांना नाव न घेता ठाऊक होत्या: नाचणीला मोड आणणे, पीठ रात्रभर आंबवून आंबील करणे, आणि भाकरीबरोबर लिंबू, कच्चा कांदा, पालेभाजी घेणे.

रोज साधारण ९० ग्रॅम अखंड धान्य खाणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्शाने कमी आढळते, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये दाखवण्यात आले. ९० ग्रॅम पीठ म्हणजे मध्यम आकाराच्या दोन भाकऱ्या. येथे पुष्कळांची गल्लत होते. भाकरी ‘पथ्याची’ म्हणून चार खाल्ल्या जातात आणि मग साखर का उतरत नाही, असा प्रश्न पडतो. भाकरीही पिष्टमय पदार्थच आहे, तिनेही साखर वाढते. फक्त ती मैद्याच्या जागी यावी, त्याच्यावर भर म्हणून नव्हे. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वेही धान्यांतून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंत ठेवावी असे सांगतात. उरलेली जागा डाळी, कडधान्ये, दूध-दही, भाज्या, मासे-अंडी यांची. भाकरीसोबत पिठले, मुगाची उसळ, वालाचे बिरडे किंवा बांगडा असला तर ताट पुरे होते. नुसती चटणी-भाकरी ही गरिबीची आठवण म्हणून ठीक, रोजचा आहार म्हणून नव्हे.

‘मल्टिग्रेन’ असे ठळक छापलेल्या पावाचे वेष्टन उलटून मागची बारीक अक्षरे वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे. पहिलाच शब्द मैदा असेल, तर पुढची सात धान्ये शोभेपुरती आहेत असे समजावे. पावाचा तपकिरी रंगही पुष्कळदा करपवलेल्या साखरेचा असतो.

राहिला प्रश्न भाकरी थापणार कोण. आहाराचा सल्ला देणारे लेख येथे सहसा गप्प बसतात. घरातील एका बाईने आधी पोळ्या कराव्यात, मग भाकऱ्याही थापाव्यात आणि त्यानंतर नोकरीला जावे, अशी अपेक्षा असेल तर भाकरी दोन आठवड्यांत बंद पडेल, आणि ते योग्यच होईल. भाकरी थापण्यात अवघड असे काही नाही. पुरुषांचे आणि मुलांचे हातही त्याला चालतात. पहिल्या दहा फुटतील. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढली आणि ती कोमट असताना चांगली मळली, तर नवशिक्याच्या हातूनही कड तुटत नाही. हवे तर ती पोळपाटावर लाटावी. आठवड्यातून तीन रात्री भाकरी आणि बाकीच्या दिवशी कोंड्यासह पोळी, एवढ्याने सुरुवात पुरेशी आहे. वरचा पापुद्रा फुगून आला की घरातील सर्वांत लहान सदस्यही तव्याभोवती घुटमळू लागतो.

धान्य घेताना ज्वारी शक्यतो रब्बीची घ्यावी. मंगळवेढा-सोलापूर भागातील मालदांडी चवीला गोड आणि भाकरी मऊ करणारी. दळण मात्र एका वेळी दीड-दोन किलोच करावे. बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होऊ लागते, ज्वारीच्या पिठाची विरी जाते आणि मग भाकरी थापताना तुटते. गिरणीवाल्याला आपल्या आधी गव्हाचे किंवा डाळीचे दळण झाले आहे का, तेही विचारावे. ज्यांना गव्हाची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी ही विचारपूस आवश्यक आहे. आणि दळणाचा डबा घेऊन परतताना, हातात दोन किलोचे ओझे असेलच, तर तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्टचे बटण दाबू नये.